हैदराबादला, मामाच्या पत्त्यावर

बहात्तरच्या दुष्काळानंतर चौदा-एक वर्षांनी पुन्हा पाऊस गेला, त्या उन्हाळ्यात आम्ही हैदराबादला गेलो. आमच्या घरातली ती पहिली सहल. दुष्काळ पडला म्हणूनच ती घडली, हे आज सांगताना विचित्र वाटतं. माझे वडील, अण्णा, मुरुमच्या दूध संस्थेत दूध तपासायला होते. एरवी त्यांना रजा म्हणून मिळायची नाही. त्या वर्षी लोकांनी जनावरं छावणीत नेली नाहीतर बाजारात विकली, आणि संस्थेत येणारं दूध निम्म्याहून कमी झालं. सेक्रेटरी म्हणाले, "आता बसून काय करता, आठ दिवस रजेवर जा."

अण्णा घरी आले ते एसटी स्टँडवरून गाड्यांच्या वेळा लिहून घेऊनच. आम्ही तीन भावंडं. मी बारा वर्षांची, मधला आठचा, धाकटा साडेपाचचा. दुधाच्या कोऱ्या पावत्यांच्या मागं अण्णांनी बेत मांडला. उमरग्याहून थेट गाडी. पहिल्या दिवशी चारमिनार आणि संग्रहालय, दुसऱ्या दिवशी प्राणीबाग, संध्याकाळी तलाव. लॉजला पैसे घालवायचे नाहीत म्हणून त्यांनी तिथल्या बुद्धविहाराच्या कमिटीला कार्ड टाकलं, आणि आठवड्यानं उत्तर आलं की खोली आहे, अंथरूण तुमचं आणा. धाकट्याला फक्त तलाव बघायचा होता. गावात पाणी टँकरनं यायचं. एवढं पाणी एका जागी कसं राहतं, हे त्याला कळत नव्हतं.

तिकिटावरून आई-अण्णांची जराशी कुरबूर झाली. आई म्हणाली, "धाकल्याला मांडीवर घेते. पाच पुरं न्हायती म्हणायचं, त्याचं तिकीटच नको."

अण्णा म्हणाले, "खोटं बोलून पोरांना जग दाखवायचं नाही. अर्धं तिकीट काढायचं."

अण्णा तसेच होते. कुणी जात विचारली की ते आवाज न बदलता सांगायचे, "आम्ही बौद्ध." समोरच्यानं पाण्याचा तांब्या मागं घेतला तरी सांगायचे.

सगळं ठरल्यावर आईनं ट्रंकेच्या तळातून एक चिठोरं काढून त्यांच्यापुढं ठेवलं. मनीऑर्डरीचं ते कुपन होतं, शाई फिकट झालेलं. "एवढं तुमच्या यादीत घाला," ती म्हणाली.

तो माझ्या मामाचा पत्ता होता. आईचा हा एकुलता धाकटा भाऊ. बहात्तरला दोघं तुळजापूरच्या वाटेवर दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. तेव्हा मामा सतरा वर्षांचा. एका सकाळी हातोडी आईच्या हातात देऊन तो म्हणाला, "अक्का, म्या हैदराबादला जातो. इथं मरण हाय." तीन वर्षं त्याच्या मनीऑर्डरी येत राहिल्या, मग थांबल्या. तामलवाडीला माझी आजी एकटी राहायची. गावात कुणी हैदराबादहून आलं की ती काठी टेकत त्याच्या घरी जायची. माझा पोरगा दिसला का म्हणून विचारायची.

अण्णांनी कुपन वाचलं आणि प्राणीबाग पहिल्या दिवशी ढकलली. दुसऱ्या दिवसापुढं नुसतं 'मामा' असं लिहिलं.

आईनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, फुटाणे बांधले. तीन दिवस बाहेरचं काही खायचं नाही, असा हिशेब होता. पहिला दिवस आम्ही पाय दुखेपर्यंत चाललो. संग्रहालयात एक मोठं विलायती घड्याळ होतं. त्यातून ताशी एक बाहुला येऊन टोले द्यायचा. आम्ही पोरं जमिनीवर बसून तासभर वाट बघत राहिलो. आई मागं भिंतीला टेकून उभी होती. बाहुला आला, लोक हसले. आई दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची तोंडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुपनावरच्या पत्त्यावर गेलो. तिथं एक चहाचं हॉटेल होतं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकाला अण्णांनी मामाचं नाव सांगितलं, वर्णन सांगितलं. त्याला आठवलं. "वो छापखानेवाले? पहले यहीं सोते थे," म्हणत त्यानं पोऱ्याकडून नवा पत्ता लिहवून दिला. त्यात नाव मामाचंच होतं, पण आडनाव दुसरं. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "आपला नसेल हा."

"चला तर," आई म्हणाली.

जुन्या मराठी वस्तीतली ती एक बैठी चाळ होती. दारावर तेच दुसरं आडनाव. एका तरुण बाईनं दार उघडलं. त्यांच्यामागं सहा-सात वर्षांची मुलगी होती, आणि तिला बघताच आईनं माझा हात घट्ट धरला. ती मुलगी थेट आमच्या आजीसारखी होती, तेच कपाळ, तसेच एकमेकांजवळ आलेले डोळे.

"गावाकडनं आलोय," आई म्हणाली.

बाई साध्या होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं, पोरांच्या हातावर गूळ ठेवला. आतल्या कोनाड्यात देव होते, ताजी फुलं वाहिलेली. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या गावचं कुणी कधी येतच नाही हो. आमच्या लग्नालाही कुणी नव्हतं. सगळे दुष्काळात गेले म्हणतात." मग आपल्या सगळ्या बायका विचारतात तसं सहज त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणापैकी?"

अण्णा उत्तर द्यायला पुढं सरकले. ते काय सांगणार हे मला माहीत होतं. पण त्यांच्या आधी आई बोलली.

"त्यांच्या वळखीचं. शेजारचं."

अण्णांनी आईकडं पाहिलं. मी त्यांना तसं बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ते मागं सरकले.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मामा सायकलवर आले. उंबऱ्यातच थांबले. बोटांना काळी शाई होती. त्यांनी आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग पुन्हा आईकडं.

"या," ते म्हणाले. "कधी आलात तुम्ही?"

आईला त्यांनी जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"काल," आई म्हणाली. "बरं हाय का सगळं?"

"हाय... आहे. बरं आहे. गावाकडं पाणी?"

"टँकर येतो."

मामा खाली बसले. सायकलची किल्ली हातात फिरवत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "तुमच्या आईची तब्येत कशी आहे?"

"हाय," आई म्हणाली. "नजर गेली निम्मी. चालते काठी धरून. लेकाची वाट बघते."

आमचा धाकटा मध्येच मोठ्यानं बोलला, "ह्योच मामा का?" मी त्याचा दंड ओढला. पण बाई हसल्या आणि त्याच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हो रे बाळा, मामाच की तुझे!" परक्या माणसालाही पोरं मामाच म्हणतात, त्यामुळं त्यांना काही वेगळं वाटलं नाही. मामा उठून मोरीत गेले. बराच वेळ हात धूत राहिले.

बाईंनी जेवायचा आग्रह केला. आई नको म्हणाली. मामा आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. तिथं वळणावर त्यांनी विचारलं, "अक्का, गाडी कधी हाय?"

"उद्या सकाळी सातला," अण्णा म्हणाले.

"म्या येतो स्टँडवर."

ते वळून गेल्यावर अण्णांना राहवलं नाही. "बापाचं नाव टाकलं, समाज टाकला. आणि तू त्याला झाकलंस. मला खोट्यात बसवलंस."

आई चालतच म्हणाली, "तुमाला पगार हाय, कमिटी हाय, चार माणसं पाठीशी हायत. तो सतराचा असताना फूटपाथवर निजला. तवा त्याला खोली कुणी दिली आसंल, काय सांगून दिली आसंल? त्या बाईचा काय गुन्हा? त्या पोरीचा?"

संध्याकाळी बेतात होतं तसं आम्ही तलावावर गेलो. धाकटा पाण्याला हात लावून ओरडला. आई काठावरच्या दगडावर पदर तोंडाशी धरून बसली होती. अण्णा तिच्याजवळ जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत दोघं तशीच होती.

सकाळी साडेसहाला आम्ही स्टँडवर होतो. सातची गाडी लागली. आई म्हणाली, "जरा थांबू." गाडी गेली. नऊची लागली. अण्णा, ज्यांनी पावतीच्या मागं मिनिटामिनिटाचा बेत लिहिला होता, ते ट्रंकेवर बसून राहिले. एकदाही घड्याळ बघितलं नाही. नऊचीही गेली. अकराच्या गाडीत आई स्वतःच चढली आणि खिडकीची जागा मला दिली.

पुढच्या आठवड्यात आई मला घेऊन तामलवाडीला गेली. आजीला तिनं सांगितलं, "भेटला. पक्कं घर हाय. एक पोरगी हाय. छापखान्यात नोकरी हाय."

"माझं काय इचारलं का?"

"पयलं तेच इचारलं."

आजीनं मला जवळ ओढलं आणि विचारलं, "पोरी, तू बघितलंस? कसा दिसतो?" मी सांगितलं, उंच आहे, कानाजवळचे केस पांढरे झालेत. "आणि नात?" मी म्हणाले, "तुझ्यासारखी हाय." आजी हसली. कधी येणार म्हणून तिनं विचारलंच नाही.

दोन वर्षांनी, थंडीत, आजी गेली. आईनं मामाला कार्ड लिहिलं. ते चार दिवस तिच्या पिशवीत होतं. मग तिनं ते चुलीत घातलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी एका दुपारी मामा मुरुमला आमच्या दारात उभे राहिले. एकटेच, हातात कापडी पिशवी. बसायच्या आतच म्हणाले, "अक्का, तिला सांगितलं सगळं. पंधरा दिवस माझ्याशी बोलली न्हाय. सोळाव्या दिवशी म्हनली, आदी आईला घरी घेऊन या, मग बघू. आईला न्यायला आलोय."

आई होती तिथंच खाली बसली. तिच्याकडं बघूनच त्यांना कळलं.

"कळवलं का न्हाईस?"

"कार्ड लिवलं व्हतं," आई म्हणाली. "टाकलं न्हाय. तुझ्या घरी कोण वाचंल, काय व्हईल, म्हणून."

मामांनी पिशवी खाली ठेवली. त्यात एक नवं नऊवारी लुगडं होतं, हिरवं. मामींनी स्वतः घेतलेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी संस्थेतून रजा काढली आणि आम्ही सगळे तामलवाडीला गेलो. आजीच्या घराचं कुलूप गंजलं होतं, अण्णांनी ते दगडानं तोडलं. आत धूळ होती, उंदरांनी माती उकरलेली. मामा मध्यभागी उभे राहिले.

"कुठं निजायची?"

आईनं दाराजवळची भिंत दाखवली. "हितं. वाट दिसती म्हणून."

मामा तिथं जमिनीवर बसले आणि भिंतीला पाठ टेकली. अण्णा बाहेर गेले, शेजारून केरसुणी मागून आणली आणि बाकीचं घर झाडायला लागले.