पलीकडच्या खोलीतलं लग्न

झरी गावात शिवशंकरबद्दल एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यानं काढलेला लग्नाचा व्हिडिओ हवा असेल, तर बारशाची तयारी करून ठेवावी. ही टिंगल आहे, पण अगदीच खोटी नाही. एका नवरदेवानं स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ पहिल्यांदा लावला, तेव्हा मांडीवरच्या पोरानं टीव्हीकडं बोट करून "पप्पा" म्हटलं, असं सांगतात. शिवशंकरचं म्हणणं, ते पोरगं बोलायला जरा लवकरच शिकलं होतं.

माणूस आळशी नाही. रायभान आणि बानूबाईचा हा थोरला. बारावीपर्यंत शाळा आणि शाळा सुटली की मेंढरं, असं त्याचं शिक्षण झालं. त्यातलं शाळेचं किती उपयोगी पडलं देव जाणे, मेंढरांचं मात्र सगळं पडलं. उन्हात तासन् तास उभं राहणं, आणि भरकटलेला घोळका न ओरडता एका बाजूला वळवणं, लग्नाच्या कॅमेरावाल्याला दुसरं लागतं तरी काय? मांडवात करवल्यांना रांगेत घेताना कधीकधी त्याच्या तोंडून "हुर्र, इकडं सरका" असं निघून जातं. मग तो जीभ चावतो. करवल्या सरकलेल्या असतात.

अडचण पुढं होती. घरी येऊन कापाकापी करायला बसला, की त्याच्याच्यानं काहीच कापवत नसे. ही मावशी नाराज होईल, त्या मामाचा फेटा राहील, असं करत लग्न जेवढं लांब झालं तेवढाच व्हिडिओ लांब. शेवटी बायको दैवशाला त्याच्या खांद्यामागं उभं राहून बघत बघत शिकली आणि एक दिवस म्हणाली, "ओ, ह्या मामीनं अक्षता टाकलेल्या चारदा दिसायल्यात. लग्न एकदाच लागलं ना?"

म्हणून यंदा दैवशालासाठी दुसरा कम्प्युटर आला. त्यासाठी बानूबाईनं स्वतःच्या दोन शेळ्या विकल्या. त्या घरात मेंढरं रायभानची, पण शेळ्या बानूबाईच्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही असा कायदा. कम्प्युटर आतल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी बसला. बानूबाई रोज एकदा त्याला पदरानं पुसायची आणि जाताना शेळीकडं बघावं तसं बघायची.

खरं तर त्या घरात सगळंच बानूबाईचं. स्टुडिओच्या पाटीवर 'बानूमाय फोटो व व्हिडिओ शूटिंग', टेम्पोच्या कपाळावर 'बानूमाय', पाण्याच्या टाकीवर 'बानूमाय कृपा'. घरात नवं काही आलं की आधी माउलीचं नाव, मग नारळ. रायभान म्हणायचा, "माझं नाव फकस्त लाइट बिलावर हाय."

तर झालं असं, की बोरीच्या सूर्यभानरावांच्या थोरल्या मुलीचं, सृष्टीचं लग्न शिवशंकरनं काढलं. सूर्यभानराव सरळ बोलणारा माणूस. ते म्हणाले, "हे बघ, रविवारी लेक-जावई येणार. सोमवारी जावई तिला घेऊन बेंगळुरूला जायलाय, मग वर्षभर तोंड न्हाई दिसायचं. रविवारी दुपारी आमच्या टीव्हीवर लग्न दिसलं, तर धाकट्या निकिताचं लग्न बी तुझंच. न्हाई दिसलं, तर जिंतूरचा कॅमेरावाला हाय. मी बारशापर्यंत थांबणार न्हाई."

शिवशंकरला ते शेवटचं वाक्य लागलं. पोरांनी चिडवणं वेगळं, गिऱ्हाइकानं तोंडावर म्हणणं वेगळं. त्यानं आईची शपथ घेतली.

बेत सोपा होता. वरात आणि रिसेप्शन त्यानं कापायचं, हळद आणि लग्न दैवशालानं. पण सगळं शूटिंग होतं बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कम्प्युटरमध्ये. मागच्या साली टेबलावरून पडल्यापासून त्याची पेनड्राइव्हची भोकं इतकी ढिली झाली होती, की गल्लीतून ट्रॅक्टर गेला तरी कॉपी अर्ध्यावर तुटायची. म्हणून त्यानं नेटच्या डब्यापासून दोन वायरी ओढल्या, एक बाहेरच्या कम्प्युटरला, एक आतल्याला. आता घरातल्या घरात इकडची फाइल तिकडं उघडणार होती. बाहेर त्यानं 'बोरी लग्न' नावाचं फोल्डर शेअर केलं आणि शनिवारी सकाळी पेढे वाटायला निघाल्यासारखा आत आला.

"नेटवर्क उघड. एक कम्प्युटर दिसंल. त्याच्यावर दाब."

दैवशालानं दाबलं. फोल्डर उघडलं. आत हळदीची गाणी.

"बोरीचं लग्न कुटंय?"

"असंल की खाली."

"खाली बी गाणीच हायत. माझीच हायत ही, मीच उतरवलेली."

शिवशंकरनं बाहेर जाऊन फोल्डर पुन्हा शेअर केलं. आत येऊन पाहिलं. गाणीच. त्यानं वायर काढून फुंकली आणि परत लावली. नेटचा डबा बंद करून चालू केला. मग परभणीला दुकानात असलेल्या महारुद्रला फोन लावला. महारुद्र त्याचा शाळेतला मित्र आणि कम्प्युटरचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात एकच औषध असतं, पण ते द्यायच्या आधी तो चार नावं घेतो.

"फायरवॉल बंद केली का?"

"केली."

"नेटवर्क प्रायव्हेट हाय का पब्लिक?"

"प्रायव्हेट. आमच्या घरात पब्लिक कुटून येईल?"

"मग रिस्टार्ट मार."

दोन्ही कम्प्युटर रिस्टार्ट झाले. जुन्याच्या पडद्यावर एक इंग्रजी चौकोन आला. तो वायरी ओढल्यापासून रोज यायचा आणि शिवशंकर रोज त्याचं न वाचता तोंड मिटायचा, पाहुण्यानं पुढं केलेला विडा नको म्हणावा तसा. आजही मिटला. आत जाऊन बघतो तर गाणीच.

दारात रायभान मेंढरांकडं जायच्या बेतात काठी घेऊन उभा होता. "काय रे, बाहेरच्या खोलीतलं लग्न आतल्या खोलीत येईना व्हय? वऱ्हाड बैलगाडीनं धाडलं असतं तर पोचलं असतं आतापर्यंत."

"बा, तुमी जा बरं."

"जायलोय. पर ह्या वायरीपेक्षा बोरी जवळ दिसायली."

उद्याचा दिवस शिवशंकरच्या डोळ्यांपुढं आला: सूर्यभानरावांचा टीव्ही काळा, जावई घड्याळाकडं बघतोय, आणि गल्लीभर तेच बारसं. दैवशाला उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि जुन्या कम्प्युटरवरून तिनं आपला कम्प्युटर शोधून बघितला. परत आली ती कपाळाला आठी घालूनच.

"ओ, तुमच्यातून बी एकच दिसायलाय. दाबलं की तुमचंच बोरीचं लग्न उघडायलंय. तुमच्यात तुमचंच, माझ्यात माझंच. आरशात बघितल्यावानी."

शिवशंकर थांबला. "तुझ्या कम्प्युटरचं नाव काय हाय?"

दैवशाला कीबोर्डवरची धूळ पुसू लागली.

"अगं, नवा लावला तवा नाव मागितलं असंल ना त्यानं? काय टाकलंस?"

"आत्या मागं उभ्या होत्या," ती हळूच म्हणाली. "त्यांच्याच शेळ्यांचा हाय. मग दुसरं काय टाकणार? बानूमाय टाकलं."

शिवशंकर कोठीवर टेकला. जुन्याचं नावही बानूमायच होतं. त्यानंच टाकलं होतं, टेम्पोच्या आणि टाकीच्या सवयीनं. एका घरात एका नावाचे दोन. दैवशालाच्या कम्प्युटरला बानूमाय शोध म्हटलं की तो स्वतःलाच हाक मारायचा आणि स्वतःच ओ द्यायचा. रोज मिटलेला तो इंग्रजी चौकोन बिचारा हेच सांगत होता.

रायभान अजून गेला नव्हता. ऐकून तो खालीच बसला. "मेंढरं राखणाऱ्याच्या पोटी जन्मला अन् दोन कळपांवर खुणेचा एकच रंग टाकला! मिसळल्यावर सोडवायचं कुणी?"

उपाय आता सोपा होता. एकाचं नाव बदलायचं. पण कुणाचं?

"तुझं बदल," शिवशंकर म्हणाला.

"मी? सुनेनं सासूचं नाव पुसलं म्हणून उद्या आख्खी गल्ली बोलंल. तुमी बदला, तुमी पोटचे हाव."

"स्टुडिओचं नाव हाय ते. मी कसं पुसू?"

"काय पुसायलेत?" शेण काढलेले हात तसेच धरून बानूबाई दारात आली.

मग रायभाननंच खुशीनं सांगितलं, "तुझं नाव पुसायलेत. कुणाच्या हातानं पुसायचं त्याचं भांडण हाय."

बानूबाईनं सगळं ऐकून घेतलं. राग आला की काय, ते तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. तिनं विचारलं, "नवा कोणता, माझ्या शेळ्यांचा?"

"हा, आतला."

"त्याच्यावर माझं राहू द्या. अन् बाहेरचा कसा हाय?"

"जुना हाय, माय. उठायला लय येळ लावतो. घरघर करतो. मधीच झोपतो."

"मग त्याला रायभान टाका की."

दैवशालानं पदर तोंडाला लावला. शिवशंकर बाहेरच्या खोलीकडं पळाला, हसू लपवायलाही आणि नाव बदलायलाही. रायभान काठी शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.

जुना कम्प्युटर घरघर करत पुन्हा उठला. ह्या खेपेला इंग्रजी चौकोन आला नाही. दैवशालानं आत नेटवर्क उघडलं. रायभान दिसला. दाबलं.

"पासवर्ड मागायलाय."

"बानूमाय टाक," शिवशंकर बाहेरून ओरडला.

"बघा," बानूबाई म्हणाली, "ह्यांच्या घरात शिरायचं तरी मलाच इचारून."

बोरीचं लग्न आतल्या खोलीत यायला लागलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती, पण सरकत होती. दैवशाला तोवर भाकरी थापून आली, आणि आल्याबरोबर बसली ती ऊन कलेपर्यंत उठली नाही. हळदीत एक चुलता सारखा कॅमेऱ्यापुढं येऊन नाचत होता. तिनं त्याला एकदा नाचू दिलं.

रविवारी नवरा-बायको दोघंही मोटारसायकलवर बोरीला गेली. सूर्यभानरावांनी दारातच घड्याळ बघितलं, मग शिवशंकरकडं, आणि पुन्हा घड्याळ. जावयानं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. घरातली सगळी माणसं सतरंजीवर सरकून बसली. हळद आली, हसू झालं, चुलत्याला टोमणे झाले. मग अंतरपाट धरला गेला.

सूर्यभानराव दाराच्या चौकटीशी उभे होते. ते पुढं येऊन बसले. लग्न लागताना ते मांडवात नव्हतेच. भात कमी पडतोय म्हणून आचाऱ्याजवळ उभे होते. मंगलाष्टकं त्यांनी पातेल्याच्या धुरातून ऐकली होती. अंतरपाट खाली गेला, सृष्टीनं हार घालायला हात वर केले, आणि मुंडावळ्या बाजूला करून तिनं गर्दीत कुणाला तरी शोधलं. दैवशालानं ते कापलं नव्हतं.

सृष्टीनं बापाच्या पुढ्यातला चहा उगाच जवळ सरकवला.

"निकिताच्या येळी," सूर्यभानराव म्हणाले, "कॅमेरा तुझा. पर कापाकापी हिचीच. तू नुस्तं उभं राहा अन् जेव."

"चालंल की," शिवशंकर म्हणाला.

"अन् ताई," ते दैवशालाकडं न बघता म्हणाले, "तेवढं हार घालायचं परत एकदा लावा बरं."