पाठीवरची तिसरी फुल्ली

बन्सीलाल सर मास्तर होण्याआधी नऊ वर्षं सुरतेत पांडेसऱ्याच्या एका गोदामात कापडाचे ताके तपासत होते. कोऱ्या कापडाचा ताका टेबलावरून सरकवायचा आणि कुठे तुटका धागा किंवा डाग दिसला की तिथे खडूने फुल्ली मारायची. तीन फुल्या झाल्या की ताका सेकंड, म्हणजे दुय्यम माल. पुढचं कापड मग कितीही चांगलं निघालं तरी तो फ्रेशच्या गठ्ठ्यात जात नसे. शिकून-सवरून सर डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेत गणिताला लागले, ते ही फुल्ली बरोबर घेऊनच.

धडा अर्ध्यावर आला की ते पुस्तक मिटायचे. "पाट्या काढा." एक उदाहरण तोंडी सांगायचे. सगळ्यांनी ते सोडवून पाटी छातीशी धरायची. ज्याचं चुकलं त्याने पाठ फिरवायची, आणि सर त्याच्या कपड्यावर खडूने फुल्ली मारायचे. घरी जाईपर्यंत ती पुसायची नाही. मी तिथेच सातवीची वर्गशिक्षिका. एकदा म्हटलं, सर, धडा अजून निम्मा राहिलाय, मुलं शिकतायत की. ते हसले. "बेन, सगळा ताका निघून गेल्यावर तपासून काय उपयोग?"

ऐकायला बरोबरच वाटतं. पण मधेच थांबून तपासायचं ते कुठे गाडी अडली हे बघायला, मागे जाऊन पुन्हा शिकवायला. सर कधी मागे गेले नाहीत. पोरांच्या पाठी पांढऱ्या करून पुढच्या पानावर जायचे. मला या माणसाचा संताप यायचा आणि मी स्टाफरूममध्ये त्याच्याच हातचा चहा प्यायचे.

पालकांना मात्र ही पद्धत फार आवडली. प्रगतिपत्रकातल्या श्रेण्या त्यांना कळत नसत. फुल्ली बरोबर कळायची. निम्मी वस्ती कारखान्यात. पोरगं घरी आलं की आधी त्याला पाठमोरं उभं करायचे.

पल्लवी माझ्या सातवीच्या वर्गातली. तिची आई शोभाबाई गोडादऱ्याहून तिला सोडायला यायची, आणि तिथूनच कारखान्यात ताके तपासायला जायची. एका सोमवारी फाटकात माझ्यादेखत ती लेकीला म्हणाली, "या हप्त्यात तीन फुल्या झाल्या तर शाळा बंद. मावशीसंगे घरी साड्यांना खडे चिकटवशील." पल्लवीने मान हलवली. पोरगी सावकाश होती, पण दुसऱ्याच्या पाटीत डोकवायची नाही. बाकीचा सगळा वर्ग पहिल्या बाकावरच्या कुंदनची पाटी बघून लिहायचा. गुरुवारपर्यंत पल्लवीला दोन फुल्या झाल्या होत्या. शुक्रवारच्या तासाआधी तिचे ओठ कोरडे पडले होते. वही मागायला गेले तर तिने पाणी मागितलं.

मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. अपूर्णांकांचा धडा. अर्ध्यावर सरांनी पुस्तक मिटलं. "शंभर मीटरचा ताका. पाव भाग कापून दिला. उरलेल्यातला निम्मा विकला. किती राहिला?"

पाट्या वर झाल्या. कुंदनच्या पाटीवर पंचवीस, आणि मग ओळीने सगळ्यांच्या पंचवीस. एकट्या पल्लवीच्या पाटीवर साडेसदतीस.

"सगळा वर्ग चुकीचा आणि तू एकटी शहाणी?" सर म्हणाले. "फिर."

ती फिरली. तोंड माझ्याकडे झालं. मी मनात हिशेब केला. शंभरातून पंचवीस गेले, पंच्याहत्तर. त्याचे निम्मे साडेसदतीस. पोरगी बरोबर होती. खडू तिच्या पाठीवर दोनदा करकरला. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी वहीत डोकं घातलं. भर वर्गात सरांची चूक काढायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. रीत कसली, भित्रेपणा.

मग सर फळ्यावर उदाहरण सोडवायला लागले. पंच्याहत्तर लिहिलं. त्याखाली भागिले दोन लिहिलं आणि हात थांबला. नंतर डस्टर फिरवला आणि म्हणाले, "पुढचं उदाहरण घ्या."

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "सर, ती बरोबर होती. तुम्हालाही कळलंय. फुल्ली पुसा."

"मारलेली फुल्ली तपासणाऱ्याने पुसायची नसते, बेन. उद्या सगळेच पुसून मागतील." पेल्यातला चहा संपवून ते उठले.

मी पुसू शकले असते. एक ओला रुमाल पुरला असता. शाळा सुटली तेव्हा पल्लवी माझ्यासमोरून गेली, दप्तर मुद्दाम पुढे छातीशी धरून, पाठीवरची फुल्ली उघडी. तिला वाटलं असणार की मी हाक मारीन. मी नाही मारली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी मी गोडादऱ्याला गेले. दारातच पल्लवी मांडीवर साडी घेऊन बसली होती, बोटांना गोंद. शोभाबाईला मी सगळं सांगितलं: सरांची चूक, फळा, पंच्याहत्तर. तिने नीट ऐकून घेतलं.

"तीन व्हई ग्यात ना, बेन?" ती म्हणाली. "मी बी ताका तपासस. सेकंड माल परत फ्रेश व्हत नही."

"अहो, पण मुलगी बरोबर होती."

"मंग तुम्ही तठेच काब्र नही सांगं?"

तिथेच का नाही सांगितलं, हे ती मला विचारत होती. मी पल्लवीकडे वळले. म्हटलं, उद्या ये, मी स्वतः सगळ्या वर्गासमोर सांगते की तुझं उत्तर बरोबर होतं.

तिने एक खडा उचलून साडीवर ठेवला, बोटाने दाबला. "टीचर, माझं चुकलंच असेल," ती म्हणाली. "बरोबर असतं तर तुम्ही बोलल्या असत्या."