दुसऱ्या गटात कोण होतं?

"आडनाव काय गं तुझं?"

बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या आण्णांनी मला हा पहिला प्रश्न विचारला. खरं तर प्रश्न विचारायला मी गेले होते. हातात बातम्यांच्या पोर्टलचा बूम, म्हणजे माइक, गळ्यात ओळखपत्र. पत्रकारितेतली माझी पहिलीच नोकरी. मी आडनाव सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला बूम दोन बोटांनी बाजूला सारला, झुरळ सारावं तसा, आणि थेट आमच्या संपादकांना फोन लावला. स्पीकरवर.

"आवो साहेब, बातमीला माणूस पाठवा की. ही तर ह्या वस्तीवाल्यांच्यातलीच निघाली."

संपादक हसले. "नवी आहे, आण्णा. सांभाळून घ्या."

बांधावरची माणसंही हसली. माझे कान तापले. रागानं नाही, लाजेनं. त्या लाजेची मला आजही चीड येते. लाजायचं त्यांनी, आणि मान खाली माझी?

गाव लोहारा तालुक्यातलं. वस्तीतली सोजरआजी त्या दिवशी सकाळी वारली होती. वस्तीतून मसणवाट्याकडं जाणारी वाट आण्णांच्या रानातून जाते. आजवरची सगळी मयतं तिथूनच गेली. यंदा आण्णांनी त्या वाटेवर सोयाबीन पेरलं, वाटेच्या तोंडाला बाभळीच्या काट्या टाकल्या आणि काठ्या घेतलेली माणसं उभी केली. समोर चौघं तिरडी खांद्यावर घेऊन उन्हात ताटकळलेले. खांदे बदलत होते, पण तिरडी खाली ठेवायला कुणी तयार नव्हतं.

मी सगळं फोनवर घेतलं. फोन माझा, ऑफिसचा फक्त बूम. आमच्याकडची डिजिटल पत्रकारिता एवढ्यावरच चालते. आजीच्या सुनेनं माझा हात धरला. "बाई, आमी भांडलो न्हाय. म्हातारीला न्यायला वाट मागितली. एवढंच सांगा."

"सांगते," म्हणाले मी.

पोलीस आले. त्यांनी काट्या काढल्या नाहीत, वस्तीलाच समजावलं. मग तिरडी ओढ्यातून न्यायचं ठरलं. मांडीइतकं पाणी, खाली गाळ. मधेच एकाचा पाय घसरला, तिरडी कलली, आजीच्या अंगावरचं नवं लुगडं भिजलं. सून ओरडली. मी फोन खिशात टाकला, पाण्यात उतरले आणि तिरडीला हात लावला.

संध्याकाळी धाराशिवला ऑफिसात पोचले. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली, भिंतीवर हिरवा पडदा. मी येण्याआधीच बातमी लिहून तयार होती. 'स्मशानभूमीच्या रस्त्यावरून दोन गटांत वाद, अंत्यविधी रखडला.' मला फक्त आवाज द्यायचा होता.

दोन गटांत वाद! हे शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. आमच्या गावात माझा चुलता पारावर बसला म्हणून त्याला मारलं होतं, तेव्हाही पेपरात हेच छापून आलं. चुलता एकटा होता. एकट्या माणसाचा गट कसा होतो, हे त्या वयात मला कळलं नव्हतं. आता ते कुठं होतं आणि कोण करतं, ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

माइकसमोर बसले. 'स्मशानभूमीच्या रस्त्यावरून दोन' इथपर्यंत वाचलं आणि थांबले.

"सर, दुसऱ्या गटात कोण होतं?"

"म्हणजे काय? तुमचे लोक."

तुमचे. इतके दिवस मी 'आपली मुलगी' होते.

"त्यांच्या खांद्यावर तिरडी होती, सर. हात मोकळे कुणाचे होते?"

संपादकांनी चष्मा काढला. समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, एका हाताने टाळी वाजत नाही."

"थप्पड वाजते, सर."

मग सूर बदलला. आण्णांच्या माणसांनी माझा ओढ्यातला फोटो त्यांना पाठवला होता. तो माझ्यासमोर धरला. "पत्रकारानं तिरडीला हात लावायचा नसतो. तू निःपक्ष राहूच शकत नाहीस. नोकरी करायचीय की चळवळ?"

आणि आण्णांशी फोनवर हसणारे हे निःपक्ष! चोर तो चोर, वर शिरजोर.

"बातमी करायचीय," म्हणाले मी. बूम टेबलावर ठेवला, ओळखपत्र त्याच्या शेजारी ठेवलं आणि जिना उतरले. घरी आईला काय सांगायचं, हे सुचत नव्हतं.

स्टँडवरच्या बाकावर बसून व्हिडिओ केला. मागं एसटीची घोषणा चालू होती. मी आजीचं नाव घेतलं. वाट कुणी अडवली, त्या माणसाचं नाव घेतलं. सून जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं आणि व्हिडिओ माझ्या अकाउंटवर टाकला.

थोड्या वेळात फोन आला. "तुझं घर ठाऊक हाय आमाला."

"मग याच. आण्णांची कॅमेऱ्यासमोरची बाईट घ्यायची राहिलीच की माझी."

पलीकडून फोन कट.

काट्या अजून तिथंच आहेत. माझ्या व्हिडिओनं त्या हलल्या नाहीत, खोटं कशाला बोलू? 'दोन गटांत' वाली बातमी माझ्याहून कितीतरी जास्त लोकांनी पाहिली. माझ्या व्हिडिओखाली शिव्या आल्या. मीच जातीयवादी ठरले. संपादकांचा निरोपही आला, माफी माग आणि परत ये. मी गेले नाही, जाणारही नाही. कुठल्याही दोन गटांच्या मधोमध मला उभं राहायचं नाही.

आता माझं स्वतःचं चॅनल आहे, एका फोनवर चालतं. एसटी रखडते, मयत रखडत नाही. ते कुणीतरी अडवतं. वाट आपोआप बुजत नाही. माणूस आपोआप मार खात नाही. माझ्या बातमीत अडवणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत येईल. धमकी आली, तर धमकी देणाऱ्याचं दुसऱ्या ओळीत.