साडूभाऊंच्या बसची लाइन

माणसाच्या शब्दावर पूर्ण विश्वास आणि तारेवर मुळीच नाही, असा आमच्या साडूभाऊंसारखा दुसरा गृहस्थ उभ्या रायपुरात नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान. सगळी नोकरी रेल्वेत, डब्यांतले दिवे आणि पंखे चालू ठेवण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना शाल दिली. ती त्यांनी ताईंना दिली आणि स्वतः शर्टाच्या खिशात टेस्टिंगचा दिवा, म्हणजे दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब, घालून हिंडू लागले. लग्नाला जाताना तो इस्त्रीच्या शर्टातही असतो. 'लाइन गेली', म्हणजे वीज गेली, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. लाइन जात नाही, ती कुठंतरी थांबते, आणि बहुतेक वेळा कोणीतरी तिला थांबवलेलं असतं, असं त्यांचं मत. म्हणून ते तारेला हात लावण्याआधी माणसांना उभं करतात आणि विचारतात, "शेवटचा हात कोणाचा?" एका लग्नात माइक बंद पडला, तेव्हा त्यांनी मुलीच्या मामांपासून भटजींपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न विचारला. मुहूर्त टळायला आला तेव्हा मामांनी कबूल केलं, की मोबाइल चार्ज करायला प्लग त्यांनीच काढला होता. घरात मिक्सर बंद पडला की सून हिंदीत म्हणते, "पापाजी, मैंने तो बस चटनी पीसी थी," आणि हे मान डोलावून तिला यादीतून वगळतात. एकदा वगळलं की वगळलं. रेल्वेत माणूस म्हणाला, ब्रेक बघितला, की त्याच्या शब्दावर गाडी सुटते, हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

अशा माणसानं साठी उलटल्यावर एक जुनी बस घेतली आणि उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये तिचं घर करून घेतलं. आत पलंग, ओटा, पंखा, पाण्याची टाकी, पंप आणि कमोड. हा शौक नव्हता. ताईंचे गुडघे गेलेले, रस्त्यावरच्या संडासात त्यांना बसता येत नाही, आणि चाळीस वर्षं रायपुरात राहून त्यांनी चित्रकोटचा धबधबा पाहिला नव्हता. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्याआधी, धबधबा भरलेला असताना त्यांना नेऊन आणायचं, एवढ्यासाठी समता कॉलनीतल्या त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ती बस उभी होती. तिची वायरिंग त्यांनी स्वतः केली. मलाही ते साडूभाऊच म्हणतात; समजावताना म्हणाले, "करंट म्हणजे पाहुणा, साडूभाऊ. सगळे त्याच्या येण्याचा रस्ता झाडतात, जाण्याचा कोणी पाहत नाही." बॅटरीतून करंट तारेनं पंख्याकडे जातो आणि बसच्या लोखंडातून परत बॅटरीत येतो. त्या परतीसाठी एक जाड तार खाली चासीला, म्हणजे बसच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनं आवळायची होती. मात्र चासीला गंजू नये म्हणून काळा रंग मारलेला, आणि रंगातून करंट धड जात नाही, तेव्हा बोल्टाखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करणं भाग होतं. त्यांची कंबर धरलेली, म्हणून ते काम त्यांनी मला दिलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. तो रविवार होता. आठवडाभर ऑफिसात मान मोडून झालेली, मातीत पाठीवर पडायचा कंटाळा आलेला. मी रंग घासायचा पॉलिश पेपर खिशात ठेवला, बोल्ट तसाच रंगावर आवळला आणि बाहेर आलो. त्यांनी विचारलं, खरवडलं ना? मी म्हणालो, "हव."

त्यानंतर महिनाभर त्या बसनं साडूभाऊंना रडवलं. एकटा दिवा लागे, मीटर बॅटरी ठणठणीत दाखवी, पण पंखा आणि पंप जोडला की सगळं मलूल होऊन बंद. त्यांनी फ्यूज बदलले, बॅटरी बदलली, छताची प्लाय उतरवून अख्खी वायर नवीन ओढली. तीनदा निघायचं ठरलं आणि ताईंनी तीनदा दशम्या केल्या. तिन्ही वेळा त्या आम्हीच खाल्ल्या. ते बोटांवर मोजत एकेक जागा वगळत जायचे, आणि खालच्या तारेपाशी आले की म्हणायचे, ते तर साडूभाऊंनी केलंय. मी शेजारी टॉर्च धरून उभा असायचो. सांगायला तोंड उघडायचो आणि चहा मागायचो.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला सामान उतरवायला बोलावलं. बस विकायची म्हणाले. प्लॉटच्या कडेला खुर्चीवर ताई बसल्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "राहू द्या चित्रकोट. पण हे म्हणून राहिले का माझा हातच गेला. जेवत नाहीत नीट." साडूभाऊ बसच्या पायरीवर टेस्टिंगचा दिवा हातात घेऊन बसले होते. तो त्यांनी मला देऊ केला. "तुमच्यापाशी ठेवा. मले आता काही समजून नाही राहिलं."

मी तो घेतला नाही. मी त्यांना सांगितलं.

त्यांनी दिवा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "सगळा रंग तसाच?"

"सगळा."

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथं उभं राहवेना. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. ताईंनी मात्र सोडलं नाही. "माझे गुडघे वाकत नाहीत, भाऊजी. तुमच्या गुडघ्याले काय धाड भरली होती?" साडूभाऊंनी त्यांना हातानं थांबवलं आणि तेवढंच म्हणाले, "महिना झाला, साडूभाऊ. एका शब्दाचं काम होतं."

मग त्यांनी नवा पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी बसखाली गेलो. रुपयाएवढी जागा पुरली असती, मी तळहाताएवढी घासली, लोखंड चमकेपर्यंत, हाताचं साल निघेपर्यंत. बोल्ट आवळला. वरून त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणालो, आणि वाट पाहिली. आता ते येतील, कंबर धरून वाकतील, टॉर्च मारतील, बोट फिरवून बघतील.

डोक्यावर त्यांची पावलं वाजली, ती माझ्याकडे नाही, बटणांच्या फळीकडे गेली. पंखा सुरू झाला, पंप घरघरला. ताईंना हात धरून वर चढवल्याचं ऐकू आलं, आणि त्यांनी नळ सोडला तो बराच वेळ बंदच केला नाही. चासीच्या फटीतून थोडं पाणी माझ्या बाहीवर गळत होतं. मी तसाच पडून राहिलो. साडूभाऊंनी एकदा खाली वाकून बघितलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.