वहीत मी लिहिलं, 'काही नाही'

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण परवा माझ्या खांद्यावर पुन्हा शाल घातली — 'टीमवर्क शिकवणाऱ्या मॅडम' म्हणून — आणि मी हसून ती घेतली. स्वतःचीच शिसारी आली.

मी मीरा रोडला नर्सिंग शिकवते. डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओ — तिन्हीकडची मुलं एकत्र करून आम्ही पेशंटच्या घरी नेतो. नियम माझाच. नर्सिंगच्या मुलीने आधी बोलायचं, डॉक्टरने सगळ्यांत शेवटी. कारण डॉक्टर बोलला की बाकीच्यांची तोंडं बंद होतात. कोण काय बोललं, ते मी वहीत टिपायचं. झकास नियम, नाही का? लोका सांगे ब्रह्मज्ञान —

तर जवळच्याच राई गावात एका आजोबांकडे गेलो होतो. साखरेचा आजार. टीममध्ये दीपाली — तिथलीच, तिसऱ्या वर्षाला. औषधांचा डबा बघायचं काम मीच तिला दिलेलं. पण त्या दिवशी मोठे सर, म्हणजे आमचे वरिष्ठ डॉक्टर, सोबत आले, आणि मी नियम गुंडाळून ठेवला. सरांना आधी बोलू दिलं. सर म्हणाले, सगळं ठीक आहे.

मग दीपाली म्हणाली, "मॅडम, ही गोळी अन् ती गोळी एकच हाय. नाव वेगळं. आजोबा दोन्ही खातात."

त्यातली एक सरांनी लिहून दिलेली होती.

मी काय केलं? म्हटलं, "औषधं सर बघतील, तू बीपी सांग." वर तिच्या त्या 'हाय'ला हसले. मी हसले म्हणून मुलंही हसली. आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं — काही नाही. सरांचा चेहरा पडू नये म्हणून? की मला न दिसलेलं या पोरीला दिसलं म्हणून? दोन्ही. खोटं कशाला बोलू — आता तरी.

दोन दिवसांनी सकाळी आजोबांची साखर उतरली. अंगणात कोसळले, खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा धड चालले नाहीत.

चौकशी बसली. डबा कुणी बघायचा होता? दीपालीने. ती म्हणाली, मी सांगितलं होतं. वही उघडली. मग मला विचारलं. मी म्हटलं, नाही, ती काही बोलली नाही. अगदी शांतपणे म्हटलं. समोर सर बसले होते, त्यांनीही सगळं ऐकलेलं — ते पेनाशी खेळत राहिले. काय माणसं आम्ही! तिचं वर्ष गेलं. घरच्यांनी पुन्हा पाठवलंच नाही. गावात अजून म्हणतात, तिच्यामुळे म्हातारा पडला.

पण मला जाळतं ते वेगळंच. माझ्यानंतर, माझ्यासमोरच, टीममधल्या बाकी दोघांना आत बोलावलं. डॉक्टर होणारा मुलगा, फिजिओची मुलगी. दोघांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळेही वटारले नाहीत — गरजच पडली नाही. दोघंही म्हणाले, नाही, ती काही बोलली नाही. एका सुरात. इतकी एकजूट मी कुठल्याच टीममध्ये बघितली नव्हती, आणि ती मी शिकवली होती.

दीपालीने सांगितलं होतं. वेळेवर, सगळ्यांसमोर. मी ऐकलं होतं.