मावसभाऊ

डोंबिवलीत आम्ही मावसभाऊ आहोत असं सांगायचं, हे त्यानेच ठरवलं होतं. चुलतभाऊ म्हटलं तर आडनाव एक लागतं. मावसभावांची आडनावं वेगळी असली तरी कोणी काही विचारत नाही. त्याच्या गावी मात्र मी नुसता त्याच्याबरोबर भाड्याने राहणारा मित्र होतो.

रविवारी आम्ही ठाण्यात भटकायचो. शहर दोघांनाही नवीन होतं. कोलशेतला खाडीकडे गेलो तर उजेड असेतो परतायचं. दोघांचा एकत्र फोटो फोनमध्ये ठेवायचा नाही. शेअर रिक्षात दोघांनी दोन कडांना बसायचं आणि तिसऱ्याला मध्ये घ्यायचं.

एकदा रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "काय दादा, भांडलात काय? एक इकडे, एक तिकडे."

"हा घोरतो हो," तो म्हणाला. "दिवसा तरी लांब बसू दे की."

टेंभी नाक्याला नवरात्रात इतकी गर्दी असते की चुकामूक नको म्हणून पुरुषसुद्धा एकमेकांचा हात धरतात. तिथे आम्ही धरायचो. दरवर्षी, दर्शन होईपर्यंत.

तो एका मंगळवारी कामावर असताना हृदय बंद पडून गेला. गावाहून त्याची आई आणि काका आले. दुसऱ्या दिवशी अस्थी सावडून घरी आलो, तेव्हा शेजारचे आजोबा त्याच्या आईला म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या मुलाने फार केलं हो त्याचं."

त्याच्या आईला बहीण नाही. आमचं हे डोंबिवलीतलं नातं आम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "करणारच तो."

आजोबा पंचांग जाणणारे. मला म्हणाले, "मावसभावाला सुतक दीड दिवसाचं. मग तुम्ही मोकळे."

अस्थी गावच्या नदीत सोडायच्या होत्या. मला जायचं होतं. त्या वेळी मला एवढी एकच गोष्ट हवी होती. त्याच्या आई स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होत्या, तिथे जाऊन मी विचारलं, "मी येऊ का?"

"कोण म्हणून येशील?"

"इथे तुम्ही हो म्हणालात, तेच."

"तिकडे सगळ्यांना माहीत आहे रे, मला बहीण नाही."

"मग मित्र म्हणून."

त्यांनी कप पालथा घातला. "मित्र रडतो तेवढंच रडशील?"

मी तोवर रडलोच नव्हतो. तरीही हो म्हणता आलं नाही. त्या पदराला हात पुसून बाहेर गेल्या.

दुपारी त्यांना गाडीपर्यंत सोडायला मी खाली गेलो. त्या मागे बसल्या, कलश मांडीवर घेतला. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. काकांनी दार लावलं. गाडी शीळफाट्याच्या दिशेने वळली. मी जिना चढून वर आलो. शेजारून पिठलं-भात आला होता. तो जेवलो.