दुर्गेशचं लाल कुलूप

महिन्यातले बावीस-पंचवीस दिवस दुर्गेश परक्या गावच्या बॉयलरच्या पोटात असायचा. एखाद्या वीज केंद्रात वाफेची नळी फुटली की ठेकेदाराचा फोन यायचा आणि दुर्गेश बॅग उचलायचा. जेवत असला तर घास ताटात राहायचा. असं सतरा वर्षं चाललं होतं. त्याची मुलगी वैभवीही सतरा वर्षांचीच होती.

बॉयलरमध्ये उतरण्याचा एक नियम असतो. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून प्रत्येकानं त्याला आपलं लाल कुलूप लावायचं, चाबी गळ्यात घालायची, मगच आत जायचं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. नऊ वर्षांपूर्वी एका साइटवर रुपराव नावाचा फिटर आत असताना, तो जेवायला गेला असं समजून कोणीतरी त्याचं कुलूप कापलं आणि व्हॉल्व्ह उघडला. वाफ दिसत नाही. दिसतं ते तिनं केलेलं काम. रुपरावला बाहेर ओढताना त्याच्या हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटून दुर्गेशच्या मुठीत आली होती.

इतर बाप लेकरांना चिऊ-काऊची गोष्ट सांगतात. दुर्गेशनं घरी आल्यावर आठ वर्षांच्या वैभवीला ही सांगितली.

"काहून सांगता असं लेकराले?" त्याची बायको मयुरा म्हणाली होती.

"समजलं पाहिजे," तो म्हणाला.

वैभवीला समजलं होतं.

या मे महिन्यात तो अडतीस दिवसांनी नागपुरातल्या हुडकेश्वरला परतला. सकाळचे दहा वाजले होते आणि रस्त्यावरचं डांबर आत्तापासूनच पायाला चिकटत होतं. घर दर वेळी थोडं सरकलेलं असे. चहाच्या डब्याची जागा बदललेली असे. दोघी एखाद्या गोष्टीवर हसत आणि ती त्याला सुरुवातीपासून सांगावी लागे. सांगून झाली की ती हसण्यासारखी राहत नसे. अडतीस दिवसांचं बापपण दोन दिवसांत उरकायचं, तर ते जोरातच करावं लागतं, असं त्याला वाटे.

वैभवीचा खालचा ओठ फुटला होता. मनगट सुजलं होतं. दंडावर कोणीतरी बोटं रुतवल्यासारखे काळे-निळे डाग होते.

"काय झालं?"

"पडली."

"कुठं?"

"पडली ना बाबा."

त्यानं मयुराकडे पाहिलं. मयुरा कणीक मळत राहिली. त्यानं पोरीचं दप्तर उचलून पलंगावर उपडं केलं. वह्या पडल्या, पाण्याची बाटली पडली, घामानं कडक झालेली निळी जर्सी आणि गुडघ्याच्या पट्ट्या पडल्या. तिच्या मोबाईलवर कबड्डीच्या गौरांग सरांचा काल रात्रीचा मेसेज होता: उद्या चार वाजता, जिल्हा निवड, घरी काही कळू देऊ नको.

कबड्डी त्यानं दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती. तेव्हा तिचं कोपर निखळलं होतं. तो दूर होता, आणि फोनवर तिचं ओरडणं ऐकत एका परक्या स्टेशनच्या बाकावर रात्रभर बसून राहिला होता. माणसाचं शरीर किती सहज उलगडतं, हे त्याच्याइतकं त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. पण हे त्याला कधी सांगता आलं नाही. त्यानं फक्त बंद म्हटलं होतं.

"दोन वर्षं खोटं बोलून राहिल्या तुम्ही?"

"तुम्ही राहता कुठं इथं, खरं बोलाले?" मयुरा म्हणाली.

त्याचा हात उठला आणि वैभवीच्या गालावर बसला. पाना फिरवणाऱ्या माणसाचा हात होता तो. तिचं डोकं भिंतीला लागलं. ती रडली नाही. दुसरा हात आला तेव्हा ती खांदा वाकवून त्याच्या बगलेखालून अशी निसटली की तो स्वतःच्याच जोरानं लोखंडी कपाटावर जाऊन आदळला. कपाटाचा आवाज शेजारपर्यंत गेला. त्या आवाजानं त्याच्यातला उरलासुरला माणूसही राहिला नाही. मधे आलेल्या मयुराला त्यानं ढकललं, तिच्या हातातली काचेची बांगडी फुटून मनगटात शिरली. वैभवीला दंडाला धरून, जुन्या डागांवरच बोटं रुतवून, त्यानं आतल्या खोलीत लोटलं. कडी घातली. बॅगेतून लाल कुलूप काढलं, लावलं आणि चाबीची दोरी गळ्यात घातली. हे सगळं त्याच्या हातांनी आपसूक केलं.

"घे, खेळ आता," तो दाराला म्हणाला.

मयुराचं रक्त थांबेना. ती हात पदरात गुंडाळून शेजारच्या इंदूबाईकडे पट्टी बांधायला गेली. तेवढ्यात फोन वाजला. चंद्रपूरच्या बाजूला नळी फुटली होती, गाडी चौकात उभी होती. दुर्गेशनं बॅग उचलली.

चंद्रपूरच्या वाटेवर जाम गावाला गाडी चहासाठी थांबली. तो नळावर तोंड धुवायला वाकला आणि शर्टातून सुटलेली चाबी टाकीच्या काठावर ठणकन आपटली. तो वाकलेलाच राहिला. पाणी वाहत होतं. बाहेर उन्हात कुत्रं जीभ काढून ट्रकखाली पडलं होतं.

मोबाईलवर मयुराचे अकरा फोन येऊन गेले होते. त्यानं लावला.

"कुलूप तोड," तो म्हणाला. "लोखंडी सब्बल आहे मागं."

"सब्बल हातातच आहे माह्या. इकडं लाईन गेली, कूलर बंद आहे. खिडकीतून पाणी देऊन राहिली मी. पण पोरगी तोडू देत नाही."

"काहून?"

"तिलेच विचारा."

मयुरानं फोन खिडकीच्या गजांतून आत दिला असावा. त्याला धाप ऐकू आली.

"वैभवी, आईले कुलूप तोडू दे."

"तुमचं आहे ते," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "ज्याचं त्यानंच काढायचं. तुम्हीच सांगतलं."

"बेटा, मी जामले आहे."

"मग या."

गाडीतला सुपरवायझर भैय्याजी खिडकीतून ओरडला, "दुर्गेश, चल ना गा, तिकडं सगळे बोंबलून राहिले."

"मी वापस जातो."

"आज गेला तर पुढच्या टायमाले फोन येणार नाही, सांगून ठेवतो."

"नका करू."

संत्र्याची रिकामी क्रेट घेऊन नागपूरकडे निघालेल्या ट्रकमध्ये तो चढला. केबिनचा पत्रा भाजत होता. त्यानं चाबी मुठीत धरली होती, इतकी घट्ट की तिचे दात तळव्यात उमटले. रस्ताभर त्याला खोली दिसत होती. वर तापलेला स्लॅब, खाली बंद दार, आत सतरा वर्षांची पोर. कुलूप आतल्या माणसाला वाचवायला असतं. त्यानं ते लावून माणूस आत कोंडला होता आणि बाहेरून आगीला मोकळं सोडलं होतं. हे काम त्याच्या हाताखालच्या कोणी केलं असतं तर त्यानं त्याला साइटवरून हाकललं असतं.

तीनला दहा कमी असताना तो घरी पोचला. मयुरा दारापाशी सब्बल घेऊन बसली होती, मनगटाला इंदूबाईच्या जुन्या साडीची पट्टी. ती सरकली, उठली नाही. त्यानं आपल्या हातानं कुलूप काढलं.

वैभवी फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. मयुरानं खिडकीतून दिलेली जर्सी घातलेली, गुडघ्यांना पट्ट्या चढवलेल्या. केस चेहऱ्याला चिकटलेले. तो काही बोलेल म्हणून ती थांबली नाही. तांब्यातलं पाणी प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि चपला घातल्या.

"मी येतो सोडाले," तो म्हणाला.

"आई येते."

तो मागून ऑटोनं गेला.

मैदानाच्या कडेला मांडवात एक डॉक्टरीणबाई मुलींना तपासत होत्या. दुर्गेश दोरीपाशी उभा राहिला. वैभवीचा नंबर आला. बाईंनी मनगट दाबून पाहिलं, ओठ पाहिला, मग हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला. चार बोटं स्पष्ट उठली होती.

"हे खेळातलं नाही," बाई म्हणाल्या. "कसं झालं?"

"पडली," वैभवी म्हणाली.

सकाळचाच शब्द, सकाळच्याच आवाजात. गौरांग सर खाली पाहू लागले. मयुरानं पट्टीचा हात पदराखाली घेतला. बाई लिहायला वाकल्या.

दुर्गेश दोरी ओलांडून आत गेला.

"मी मारलं तिले," तो म्हणाला. "सकाळी. बाप आहे मी तिचा."

बाईंनी पेन थांबवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग त्या वैभवीला म्हणाल्या, "खेळू शकशील?"

"हो."

"तुम्ही दोरीच्या बाहेर व्हा," बाई त्याला म्हणाल्या. "तिचं झालं की बोलू आपण."

तो बाहेर झाला. खिशात भैय्याजीचा फोन वाजून वाजून बंद झाला. पलीकडे सात मुली हातात हात गुंफून उभ्या राहिल्या आणि वैभवी मधल्या रेषेवर आली. रेषा ओलांडण्याआधी तिनं मान वळवून एकदा बापाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, त्याच्या हातांकडे. समोरचा कधी झेप घेईल हे खेळाडू तिथूनच ओळखतात. मग तिनं श्वास धरला आणि आत शिरली.